इंजिनाची टकटक आणि शंभर वर्षांचं डिबगिंग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आत्ता बसमध्ये आहेत आणि इयरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना झालेली पाल्हाळ थोडी छाटली आहे. बाकी मजकूर तोच.

आजचा विषय एक छोटीशी वस्तू आहे. दोन-तीन सेंटिमीटर व्यासाची जाड चकती, मधे भोक, आणि त्या भोकातून गेलेल्या एका बोल्टने इंजिनाच्या ब्लॉकला आवळलेली. तिचं नाव नॉक सेन्सर. डॅशबोर्डवर पिवळी 'चेक इंजिन' लाइट लागते, गाडीचा पिकअप गेलेला असतो, ॲव्हरेज उतरलेलं असतं, गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात आणि मेकॅनिक सांगतो, "नॉक सेन्सरचा कोड आलाय, सेन्सर बदलावा लागेल." बऱ्याचदा तो बदलतात, आणि बऱ्याचदा आठवड्याभरात तीच लाइट परत लागते.

हे असं का होतं ते शेवटी सांगतोच. पण त्याआधी ही चकती गाडीत आलीच का, ते बघायला हवं. ती गोष्ट चकतीपेक्षा बरीच मोठी आहे, आणि तिच्यात माणसं मेलेली आहेत.

नॉक म्हणजे नेमकं काय?

सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. पिस्टन ते दाबतो, स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, आणि ज्वाला प्लगपासून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. होळी एका बाजूने पेटवली की आग पुढे पुढे सरकते ना, तसंच. भराभर, पण क्रमाने.

आता गंमत बघा. ज्वाला पुढे येते तसं पलीकडच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. ते फार तापलं तर ज्वाला पोचायची वाट न बघता स्वतःच पेट घेतं, तेही सगळं एकदम. त्यातून दाबाच्या लाटा उठतात आणि सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहतात. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज येतो. घाट चढताना वरच्या गिअरमध्येच राहून ॲक्सिलरेटर दाबला की काही जुन्या गाड्यांमधून यायचा, तोच हा. थोडा नॉक इंजिन सहन करतं. जोराचा नॉक चालू राहिला तर पिस्टन फुटतो, रिंगा तुटतात.

यावर साधा उपाय म्हणजे ठिणगी थोडी उशिरा टाकायची. दाब आणि तापमान कमी चढतं, नॉक थांबतो. पण त्याबरोबर ताकदही जाते. म्हणजे ठिणगी जितकी लवकर तितकी ताकद जास्त, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे नॉक उभा. सगळी मारामारी या सीमेवरची आहे.

पहिला सेन्सर: ड्रायव्हरचा कान

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगखाली दोन दांडे होते. उजवीकडचा पेट्रोलसाठी, डावीकडचा ठिणगीच्या वेळेसाठी. चढावर इंजिन खडखडायला लागलं की ड्रायव्हर डावा दांडा सरकवून ठिणगी उशिरा करायचा, आणि सपाट रस्ता लागला की पुन्हा पुढे घ्यायचा. आजच्या भाषेत हा पूर्ण कंट्रोल लूप झाला: सेन्सर म्हणजे कान, प्रोसेसर म्हणजे डोकं, ॲक्च्युएटर म्हणजे हात.

पुढे डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनं आणि व्हॅक्यूमचा डबा बसवून हे काम आपोआप व्हायला लागलं आणि तो दांडा गेला. पण ती नवी यंत्रणा इंजिनाचा वेग आणि भार बघायची, आवाज ऐकत नव्हती. सोय वाढली, आणि त्याच फटक्यात लूपमधला कान निघून गेला. हे लक्षात ठेवा.

चुकीच्या माणसावर आळ

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने बनवलेला सेल्फ-स्टार्टर आला. हँडल मारून गाडी सुरू करायची कटकट संपली. त्यासोबत केटरिंगची बॅटरीवर चालणारी इग्निशनही होती. त्याच काळात इंजिनं जास्त दाबाची होत होती आणि नॉक वाढत होता. लोकांनी दोन गोष्टी एकत्र पाहिल्या आणि निकाल दिला: ही टकटक केटरिंगच्या बॅटरी इग्निशनमुळे होते.

आपल्या ऑफिसात रोज चालतं ते हेच. काल कोणी कोड टाकला? त्याचाच बग!

केटरिंगने १९१६ मध्ये टॉमस मिजली नावाच्या तरुण मेकॅनिकल इंजिनिअरला या प्रश्नावर बसवलं. मिजलीने पहिलं काम केलं ते लॉग काढायचं. सिलिंडरमधल्या दाबानुसार हलणारा छोटा आरसा, त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका, आणि तो पडेल अशी फिरत्या डब्यावर गुंडाळलेली फोटोफिल्म. फिल्म धुतल्यावर स्पष्ट दिसलं की दाबाचा तो भयंकर सुळका ठिणगी पडून गेल्यावर, जळण सुरू असताना येतो. म्हणजे मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं हा समज चुकीचा, आणि इग्निशनवरचा आळही चुकीचा. दोष इंधन जळण्याच्या पद्धतीत होता. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डोही जवळपास याच निष्कर्षावर पोचला होता.

मग आला या गोष्टीतला माझा आवडता प्रसंग. केटरिंग आणि मिजली यांना वाटलं, पेट्रोल लाल रंगाचं असेल तर ते उष्णता लवकर शोषेल आणि नीट जळेल. कारण काय, तर एका रानफुलाची पानं लालसर असतात आणि ते थंडी सरता सरताच फुलतं! तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजलीने आयोडीन टाकलं. इंधन लाल झालं आणि नॉक थांबला.

इथे बहुतेकांनी तिकीट क्लोज केलं असतं. मिजलीने केलं नाही. त्याने खरे लाल रंग आणून टाकले, काहीच फरक नाही. मग आयोडीनचंच एक बिनरंगी संयुग टाकलं, नॉक पुन्हा थांबला. म्हणजे करामत आयोडीनची होती, रंगाचा काही संबंध नव्हता. पण आयोडीन महाग, आणि धातू खाणारं. तरी एक गोष्ट सिद्ध झाली: चिमूटभर रसायन टाकून नॉक दाबता येतो.

एकाच प्रयोगशाळेत दोन रस्ते

पुढची पाच वर्षं शोध चालला. ॲनिलिन झालं, सेलेनियम झालं, टेल्युरियम झालं. शेवटच्याचा वास इतका घाण की तो कपड्यांतून जाईना. अखेर ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, इंजिनात घातलं आणि टकटक गप्प झाली. एका गॅलनला फक्त तीनेक घनसेंटिमीटर पुरत होतं.

याच सुमारास मिजली आणि त्याचा सहकारी टॉमस बॉइड यांनी आणखी एक गोष्ट बनवली. सिलिंडरच्या डोक्यात एक पातळ पडदा, त्यावर टेकवलेली पोलादी सळई. नॉक झाला की सळई उडायची आणि वरचे विजेचे दोन संपर्क जुळवायची. त्या प्रवाहाने एका नळीतल्या पाण्याचं विघटन होऊन वायू जमायचा. जितका वायू जास्त, तितका नॉक जास्त. 'उडत्या सळईची' ही माहिती त्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केली.

आता हे शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाच प्रयोगशाळेत, एकाच वर्षाच्या आगेमागे, नॉक गप्प करणारं रसायन आणि नॉक ऐकणारं यंत्र, दोन्ही तयार झाली. रसायन रस्त्यावर गेलं. यंत्र प्रयोगशाळेतच राहिलं, आणि पुढची कितीतरी वर्षं पेट्रोलचा ऑक्टेन नंबर मोजण्याच्या कामी आलं.

ऐकणारं यंत्र गाडीत का गेलं नाही? कारण ऐकल्यावर लगेच निर्णय घ्यायला काहीच नव्हतं. ड्रायव्हरचा दांडा चालला होता आणि कॉम्प्युटर यायला अजून अर्धं शतक होतं.

तिसरा रस्ताही होता: अल्कोहोल. इथेनॉल मिसळलं की नॉक कमी होतो हे मिजलीला चांगलं ठाऊक होतं. पण त्यासाठी ते भरपूर मिसळावं लागतं, आणि दारूच्या भट्टीत कोणालाही बनवता येणाऱ्या गोष्टीवर पेटंट मिळत नाही. शिशाच्या संयुगाच्या वापरावर मिळतं.

गप्प करण्याची किंमत

२ फेब्रुवारी १९२३ ला अमेरिकेतल्या डेटन शहरात शिसंमिश्रित पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. पाटीवर नाव होतं 'एथिल'. शिसं हा शब्द कुठे दिसू दिला नाही.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या रिफायनरीत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भ्रम व्हायला लागले. नसलेल्या किड्यांना ते हाताने झटकत होते. काहींना बांधून ठेवावं लागलं. पाच जण मेले, कितीतरी रुग्णालयात गेले. वर्तमानपत्रांनी नाव ठेवलं, 'वेडा गॅस'. त्याच महिन्याच्या ३० तारखेला मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव हातावर ओतून घेतलं, त्याचा वास घेतला आणि यात धोका नाही असं सांगितलं. आदल्याच वर्षी त्याला स्वतःला शिशाची विषबाधा झाली होती आणि त्यासाठी सुट्टी काढून आराम करावा लागला होता.

१९२५ च्या मे महिन्यात सरकारी आरोग्य खात्याने परिषद बोलावली. औद्योगिक विषबाधेच्या तज्ज्ञ डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी तिथे स्पष्ट विरोध केला. विक्री काही महिने थांबली. जानेवारी १९२६ मध्ये समितीने अहवाल दिला की बंदी घालायला पुरेसं कारण दिसत नाही. विक्री पुन्हा सुरू झाली आणि हे पेट्रोल जगभर पसरलं.

शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं. दोन-तीन पिढ्या जगातल्या शहरांमधल्या मुलांनी ते श्वासातून घेतलं. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या गाड्यांसाठी शिसंविरहित पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर सक्तीचं झालं. म्हणजे हा भाग ऐकणाऱ्यांपैकी नव्वदच्या दशकात जन्मलेल्यांनी लहानपणी तो धूर घेतलेला आहे. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे गाड्यांसाठीची ही विक्री २०२१ मध्ये थांबली.

कान परत आला

शिसं मुळात कशामुळे हललं? मुलांच्या मेंदूपेक्षा धक्का आधी एका पार्टने दिला. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आणि शिसं त्यांना निकामी करतं. म्हणून शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं. शिसं नाही म्हटल्यावर ऑक्टेन कमी, म्हणून इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो खाली, म्हणून ताकद कमी. त्यात १९७३ च्या तेलसंकटामुळे पेट्रोलही वाचवायचं. पन्नास वर्षं झाकून ठेवलेला प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला.

पण यावेळी इलेक्ट्रॉनिक्स होतं. १९७८ च्या ब्युइकच्या टर्बो व्ही-सिक्स इंजिनावर नॉक ऐकणारा सेन्सर बसला. नॉक झाला की इलेक्ट्रॉनिक डबा ठिणगी उशिरा करायचा. स्वीडनच्या साबने ८० च्या दशकाच्या सुरुवातीला आवाज ऐकून टर्बोचा दाबच कमी-जास्त करणारी यंत्रणा आणली, त्यामुळे वेगवेगळ्या ऑक्टेनचं पेट्रोल एकाच गाडीला चालायला लागलं. मॉडेल टीचा डावा दांडा परत आला. आता तो सॉफ्टवेअरच्या हातात होता.

त्या चकतीच्या आत एक पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिकची रिंग असते. दाबली की वीज तयार करणारी. हा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला होता. रिंगवर एक वजन ठेवलेलं असतं. ब्लॉक थरथरला की वजन रिंगला दाबतं आणि वायरमधून सिग्नल जातो.

पण इंजिनात तर सगळंच थरथरतं, मग नॉक ओळखायचा कसा? हे गणित १९३० च्या दशकात एमआयटीत चार्ल्स ड्रेपरने घातलं, हाच माणूस पुढे अपोलो यानांच्या दिशादर्शनात होता. सिलिंडर म्हणजे तबल्यासारखी पोकळी. तिचा सूर ठरलेला. गरम वायूतला आवाजाचा वेग सेकंदाला ९५० मीटर धरला आणि सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर, तर सूर येतो साधारण ७.४ किलोहर्ट्झ. व्यास वाढला की सूर खाली.

त्यामुळे ईसीयू दोन गोष्टी करतो. फक्त त्या सुराच्या आसपासचं ऐकतो, आणि नॉक होऊ शकतो तेवढ्याच वेळात ऐकतो. ३००० आरपीएमला क्रँकशाफ्ट एक अंश फिरायला सुमारे ५६ मायक्रोसेकंद लागतात. ६० अंशांची खिडकी धरली तर हातात ३.३ मिलिसेकंद. तेवढ्यात त्या सुराची चोवीसेक आंदोलनं होतात. ती नेहमीच्या गोंगाटापेक्षा जोरात आली तर त्या सिलिंडरची ठिणगी दोन-तीन अंश मागे, आणि मग हळूहळू पुन्हा पुढे. तुम्ही गाडी चालवत असताना हे अखंड चालू असतं.

आता तुमच्या गाडीकडे

ही गोष्ट कळली की बिघाड शोधायचा क्रम आपोआप कळतो.

पहिलं म्हणजे सेन्सर बिघडला की टकटक ऐकू येईलच असं नाही. उलट बहुतेक वेळा गाडी शांत पण मरगळलेली होते. आपला कान चालत नाही हे कळल्यावर ईसीयू धोका पत्करत नाही, ठिणगी कायमची उशिरा ठेवतो. पिकअप आणि ॲव्हरेज गेलं ते त्यामुळे.

दुसरं, कोड नीट वाचा. पी ०३२५ म्हणजे सर्किटमध्ये गडबड, पी ०३२६ म्हणजे सिग्नल अपेक्षित मर्यादेत नाही, पी ०३२७ म्हणजे सिग्नल फार कमी, पी ०३२८ म्हणजे फार जास्त. यातला एकही कोड 'सेन्सर बदला' असं म्हणत नाही. तो म्हणतो, ऐकण्याच्या वाटेवर कुठेतरी अडचण आहे.

तिसरं, वाट तपासा. सिग्नल अगदी बारीक असतो, म्हणून वायरीवर संरक्षक जाळी असते. उंदरांनी कुरतडलेली वायर, कनेक्टरमध्ये गेलेलं पाणी किंवा तेल, सुटलेला अर्थ, पावसाळ्यानंतर हे सगळं सर्रास सापडतं.

चौथं, बोल्ट. मधे भोक असलेल्या प्रकाराला साधारण २० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. ढिला राहिला तर थरथर पोचत नाही, पाना लावून जीव खाऊन आवळला तर रिंगच बिघडते. खालची जागा स्वच्छ धातूची हवी. वॉशर, रंग, गॅस्केट चिकटवायची पेस्ट, काहीही नको. नवा सेन्सर लावूनही लाइट परत येते त्याचं कारण पुष्कळदा इथे असतं.

पाचवं, चाचणी. सेन्सरला ऑसिलोस्कोप जोडून त्याच्या शेजारी ब्लॉकवर छोट्या पान्याने हलकं टिचकवलं तर सिग्नल उमटला पाहिजे. सेन्सरवर मारायचं नाही, शेजारी.

आणि सहावं, सगळ्यात महत्त्वाचं: सेन्सर खरं तर बोलत नाहीये ना? सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन, जास्त तापणारं इंजिन, हवेच्या मानाने कमी पेट्रोल, चुकीचा स्पार्क प्लग, भेसळीचं इंधन, यांपैकी काही असेल तर नॉक खरा आहे. एखादा सैल ब्रॅकेटही ब्लॉकवर वाजून सेन्सरला फसवू शकतो. अशा वेळी सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं.

काही ठिकाणी आणखी एक जुगाड चालतो. सेन्सरच्या जागी रेझिस्टर लावतात किंवा सेन्सर ब्लॉकवरून काढून वायरीला लटकवून ठेवतात. लाइट जाते, ठिणगी पुढे येते, गाडी पळते, गिऱ्हाईक खूश. पण ईसीयूला वाटतंय सगळं शांत आहे, आणि आत पिस्टन मार खातोय. तुमच्या गाडीला हे कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. आवाज बंद केला म्हणजे बिघाड गेला, हा हिशोब जगाने १९२३ मध्ये एकदा करून पाहिलेला आहे.

जाता जाता एक. मिजलीच्या काळात मागे पडलेलं इथेनॉल आज आपल्या पेट्रोल पंपावर आहे, २० टक्के. त्यातलं काही महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आवारात तयार होतं. इथेनॉलचा ऑक्टेन नंबर १०८ च्या आसपास आहे, म्हणजे नॉकला ते आवर घालतं. लिटरमागे ऊर्जा मात्र पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्याला टिकतात का हा प्रश्न वेगळाच. ठिणगी नेमकी किती पुढे घ्यायची, हे त्या मिश्रणावर शेवटी तुमच्या इंजिनावरची ती चकतीच ऐकून सांगणार. तिची वायर एकदा बघून घ्या.

पुढच्या भागात भेटूच. तोवर काही प्रश्न असतील तर नेहमीच्या ठिकाणी पाठवा, आणि गाडीवाल्या मित्राला हा भाग फॉरवर्ड करा.